वृद्धाश्रमात हेळसांड झाली तर जाब कुठे आणि कसा विचारायचा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. अशा दिवसांत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची कोणी दर दोन तासांनी कूस बदलली नाही, घामाने भिजलेली चादर तशीच राहिली, सकाळचा डायपर संध्याकाळी निघाला, तर माकडहाडावरची कातडी आधी लाल होते, मग सोलते, मग तिथे खड्डा पडतो. मुलं पुण्याला, नाहीतर सुरतेला. दीड महिन्याने भेटायला आलेली मुलगी पाठ उघडून पाहते तेव्हा आत हाड दिसतं. तिथली सांभाळणारी मावशी सांगते, "वय झालं ना ताई, होतंच असं."

वयाने कातडी पातळ होते, एवढं खरं. खड्डा पडायला मात्र कूस न बदललेले तास लागतात, आणि त्या तासांचा हिशेब मागता येतो. कायदे आहेत, बऱ्यापैकी कडकही आहेत. तरी तक्रारी फसतात, कारण माणूस चुकीच्या दारात चुकीचा कागद घेऊन उभा राहतो. पोलीस ठाण्यात सांगतात, हा ग्राहक आयोगाचा विषय आहे. ग्राहक आयोगात पावती काढली तर ती देणगीची निघते. प्रांत कार्यालयात सांगतात, आमच्याकडे फक्त मुलांविरुद्धचे अर्ज येतात. तोवर सीसीटीव्ही पुसला जातो, जखम भरते किंवा माणूस जातो. म्हणून दारं कोणती आणि प्रत्येक दारात काय लागतं, ते इथे सविस्तर मांडतो.

पाटीवर काय लिहिलंय ते बाजूला ठेवा

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की लोकांना छोटा खासगी दवाखाना आठवतो. म्हाताऱ्यांना ठेवायच्या जागेला कुठे 'वृद्धाश्रम', कुठे 'केअर सेंटर', कुठे 'आनंदाश्रम', कुठे 'ज्येष्ठ नागरिक निवास' अशी पाटी असते. कायदा पाटी बघत नाही, आत काय चालतं ते बघतो.

महाराष्ट्रात १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. त्यातली व्याख्या रुंद आहे: आजारी, जखमी किंवा विकल माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा दिली जाते ती जागा. यातला 'विकल' हा शब्द फार कामाचा आहे. ज्या 'केअर सेंटर'मध्ये सलाईन लागतं, नाकातून नळीने भरवतात, लघवीची नळी बदलतात, इन्सुलिन देतात, पगारी सिस्टर आहे, ती जागा या व्याख्येत येते असा मुद्दा ठामपणे मांडता येतो. मग नोंदणी हवी, आणि नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं हवं. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रकही लावायला सांगितलं आहे. नोंदणी आणि तपासणी कोणाकडे? जळगाव आणि धुळे शहराच्या हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. बाकी जिल्ह्यात, म्हणजे चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, दोंडाईचा, आणि नंदुरबार जिल्हा पूर्ण, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे.

नुसतं राहणं-जेवण असलेला वृद्धाश्रम असेल तर चित्र वेगळं. संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय कार्यालय, सरकारी अनुदान घेत असेल तर समाजकल्याणचे सहायक आयुक्त. पण विनाअनुदानित खासगी वृद्धाश्रमाला दवाखान्यासारखं परवान्याचं बंधन घालणारा वेगळा कायदा नाही, आणि हे मोठं भगदाड आहे. केंद्राने डिसेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ नागरिक कायद्यात दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्यात अशा निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा होता. ते मंजूर झालंच नाही, २०२४ मध्ये ती लोकसभा संपली आणि विधेयकही गेलं. म्हणजे आज अशा जागेवर आधीपासून लक्ष ठेवणारा कोणी नाही. जाब विचारायचा तो घडून गेल्यावर, करार आणि फौजदारी कायद्याच्या जोरावर.

तिसरा प्रकार डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) किंवा इतर मानसिक आजाराची माणसं सांभाळणाऱ्या जागेचा. तिथे मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ लागू होऊ शकतो. त्याकडे पुढे येतो.

संस्था नेमकी काय आहे हे कळायला माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि मागायचं: अमुक पत्त्यावरील संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, मंजूर खाटांची संख्या, गेल्या तीन वर्षांतल्या तपासणी अहवालांच्या प्रती. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. 'अशी नोंदणी आढळून येत नाही' हे उत्तरसुद्धा जपून ठेवा. आयोगासमोर तो तुमचा पहिला पुरावा असतो.

ठेवतानाचा कागद

इथे जरा वेळ घालवा. प्रकरण उभं राहतं ते बहुतेक याच दिवशी, आणि बुडतंही याच दिवशी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पावती. महिन्याला बारा हजार घेतात आणि पावती फाडतात 'देणगी' म्हणून. देणाऱ्यालाही बरं वाटतं, आयकरात ८०जी ची सूट मिळते. पुढे ग्राहक आयोगात संस्थेचा वकील हीच पावती पुढे करतो: यांनी दान दिलं, आम्ही मोफत सेवा केली, मोफत सेवेला ग्राहक कायदा नाही. तुम्ही ८०जी ची सूट घेतली असेल तर तुमचा युक्तिवाद तिथेच लंगडा होतो. म्हणून 'निवास व शुश्रूषा शुल्क' अशीच पावती मागा. देत नसतील तर रोख देऊ नका. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेतून किंवा यूपीआयने तेवढीच रक्कम पाठवा आणि शेऱ्यात 'मे महिन्याचे शुल्क' असं लिहा. सलग वीस महिने एकाच रकमेची देणगी कोणी देत नाही, हे आयोगालाही कळतं.

दुसरी गोष्ट भरतीच्या दिवशीची अंगपाहणी. माणूस आत घेताना सिस्टरसमोर कपडे काढून, पडदा लावून, डोक्यापासून टाचेपर्यंत पाहायचं. वजन, रक्तदाब, साखर. जखम, व्रण, काळे-निळे डाग कुठे आहेत ते माणसाच्या आकृतीवर खुणा करून. नळ्या कोणत्या, कधी घातलेल्या. चालू औषधं डोससकट. चष्मा, दातांची कवळी, कानातलं यंत्र, अंगावरचं सोनं. एका पानावर लिहून दोघांच्या सह्या, एक प्रत तुमच्याकडे. 'आमच्याकडे आले तेव्हाच जखम होती' हा बचाव जवळजवळ प्रत्येक प्रकरणात येतो, आणि त्याला उत्तर देणारं हे एकच पान असतं.

तिसरा, करारनामा. छापील फॉर्मवर बहुधा एक ओळ असते: 'कोणत्याही दुर्घटनेस संस्था जबाबदार राहणार नाही.' ती वाचून लोक खचतात. खचू नका. म्हातारपणाचे आणि आजाराचे धोके तुम्ही मान्य केलेत, हेळसांड मान्य केलेली नाही. आणि फौजदारी जबाबदारी तर कोणत्याही सहीने माफ होत नाही. त्याच फॉर्मवर हाताने चार गोष्टी लिहून घ्या. रात्री किती रहिवाशांमागे किती माणसं जागी असतात. कोणते डॉक्टर किती दिवसांनी येतात. पडणं, ताप, जेवण बंद होणं यांची खबर किती तासांत आणि कोणाला देणार. गंभीर झाल्यास कोणत्या रुग्णालयात नेणार. रात्रीची संख्या सांगायला जे कचरतात तिथे ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पंचवीस पलंगांना रात्री एकच मावशी असेल तर तिने कितीही जीव लावला तरी दर दोन तासांनी सगळ्यांची कूस बदलणं तिला शक्य नाही. दोष तिथे त्या मावशीचा नसतो, ती एकटी ठेवणाऱ्याचा असतो, आणि कायद्यानेही जबाबदारी मालकावरच जाते.

अंग काय सांगतं

दाबाने झालेल्या जखमेच्या, म्हणजे बेडसोरच्या, चार पायऱ्या धरतात. पहिली: लाल डाग, बोटाने दाबून सोडला तरी पांढरा होत नाही. दुसरी: वरची कातडी सोललेली किंवा फोड. तिसरी: कातडीखालच्या चरबीपर्यंत खड्डा. चौथी: स्नायू, हाड उघडं. बघायच्या जागा माकडहाड, दोन्ही कुल्ले, टाचा, घोटे, खांद्याची पाती, आणि एका कुशीवर झोपणाऱ्याचा कान. टाचा सगळ्यात जास्त विसरल्या जातात. मोजे काढून पाहा.

इथे प्रामाणिक राहायला हवं. शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला उत्तम काळजी घेऊनही जखम होऊ शकते, आणि कधी आतली इजा दोन-तीन दिवसांनी वर दिसते. म्हणून नुसती जखम म्हणजे गुन्हा नव्हे. फरक कागदावर दिसतो. काळजी घेणाऱ्याकडे कूस बदलल्याचा तक्ता असतो, हवेची गादी चालू असते, पहिल्या पायरीलाच नोंद झालेली असते, घरच्यांना फोन गेलेला असतो, डॉक्टरने पाहिलेलं असतं. हेळसांड करणाऱ्याकडे तिसऱ्या पायरीची जखम असते आणि नोंद एकही नसते. किंवा महिन्याभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच वेळी केलेल्या असतात. तसं दिसलं तर त्या पानाचा लगेच फोटो घ्या. आणि हवेच्या गादीची मोटर खरंच चालू आहे का, हात ठेवून बघा. प्लग काढून पंखा लावलेला पुष्कळदा सापडतो.

वजन हा दुसरा साक्षीदार. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटलं तर वैद्यकीयदृष्ट्या ती गंभीर बाब मानतात. ६० किलोच्या माणसाचे महिन्यात ३ किलो. दर महिन्याला वजन करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा असं सांगून ठेवलं तर तारखांसकट नोंद आपोआप तयार होते.

तिसरी गोष्ट पाणी. आपल्या उन्हाळ्यात हीच आधी कमी पडते, कारण पाणी कमी पाजलं की डायपर कमी लागतात. जीभ कोरडी, लघवी गडद आणि थोडी, माणूस अचानक बरळायला लागलेला. लघवीची पिशवी जमिनीवर लोळत असेल किंवा पलंगावर कमरेच्या वर ठेवलेली असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवतो. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता अडकवायची असते. नळी घातल्याची तारीख लिहिलेली नसेल तर ती कोणालाच माहीत नाही असं समजा.

नाकातल्या नळीने भरवताना डोकं ३० ते ४५ अंश उंच हवं, आणि भरवल्यावर निदान अर्धा तास तसंच. आडवं ठेवून भरवलं की अन्न फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. अशा माणसाला वारंवार न्यूमोनिया होत असेल तर भरवायच्या वेळी न सांगता जा.

इन्सुलिनची वेळ आणि जेवणाची वेळ या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचा. इन्सुलिन सातला आणि नाश्ता साडेनऊला असेल तर साखर उतरून माणूस बेशुद्ध पडण्याचं कारण तिथेच सापडतं. भर दिवसा सतत गुंगी असेल तर औषधांची चिठ्ठी मागा. झोपेच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, मग त्या कोणी लिहून दिल्या हे विचारायलाच हवं. मनगटावर आणि घोट्यावर गोल वळ म्हणजे बांधून ठेवल्याची खूण.

दिसल्यावर लगेच

आधी माणूस, मग प्रकरण. हलवण्यासारखी तब्येत असेल तर त्याच दिवशी दुसऱ्या रुग्णालयात न्या, शक्यतो सरकारी: जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. तिथे 'एमएलसी करा' असं स्पष्ट सांगा, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते आणि पोलिसांना कळवलं जातं. डॉक्टरांना जखमेची लांबी, रुंदी, खोली आणि पायरी लिहायला विनंती करा. 'बेडसोर +' एवढ्याच शेऱ्याने पुढे काही सिद्ध होत नाही.

फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा, एक फोटो चेहऱ्यासह आणि एक जखमेचा जवळून. माणसाची लाज राखा. हे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवलेल्या फोटोतली तारीख-वेळेची आतली माहिती निघून जाते, म्हणून मूळ फोन आणि मूळ फाइल जपा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते मूळ उपकरणावरून करणं सोपं जातं.

त्याच दिवशी संस्थेला दोन मागण्यांचं एकच पत्र. एक, सर्व नोंदींच्या प्रती: केस पेपर, औषधांचा तक्ता, शुश्रूषेच्या नोंदी, भेटीची वही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात. दोन, अमुक तारखेपासूनचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. रेकॉर्डरची डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, बहुतेक ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांत. हे पत्र हातोहात देऊन सही-शिक्क्याची पोच घ्या, आणि तेच स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही पाठवा. पत्र मिळाल्यावर चित्रण नाहीसं झालं तर ते त्यांच्याच विरुद्ध जातं.

आणि कितीही संताप आला तरी काच फोडू नका, अंगावर जाऊ नका. नोंदणीकृत वैद्यकीय संस्थेत हिंसा किंवा तोडफोड केली तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र. पीडिताचा मुलगा दुसऱ्या दिवशी आरोपी होतो आणि मूळ प्रकरण मागे पडतं.

ग्राहक आयोग

पैसे देऊन घेतलेल्या सेवेसाठी मला हेच दार सगळ्यात सरळ वाटतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येतच निष्काळजीपणा आणि माहिती दडवणं आलेलं आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तो आहे. तक्रार दाखल करायचं शुल्क मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरतं, आणि पाच लाखांपर्यंत ते शून्य आहे. महिना बारा हजारांनी वीस महिने म्हणजे २ लाख ४० हजार. म्हणजे शुल्क काहीच नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते. शिवाय कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो किंवा नोकरी करतो तिथेही दाखल करता येते. आई शहाद्याच्या केंद्रात आणि तुम्ही पुण्यात असाल तर पुण्याच्या आयोगात जा, प्रत्येक तारखेला रजा टाकून इकडे यावं लागणार नाही. मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असं नाही. माणूस गेला असेल तर वारस तक्रार करू शकतात.

मोफत ठेवलेल्यांचं काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात रुग्णालयांबाबत रेषा आखून दिली: सगळ्यांनाच मोफत सेवा देणारी जागा कायद्याबाहेर, पण काहींकडून पैसे घेणारी जागा असेल तर तिथल्या मोफत रुग्णालाही ग्राहकाचे हक्क. वृद्धाश्रमासाठीही हाच धागा धरून मांडणी करावी. म्हणून शेजारच्या पलंगाचे पैसे घेतात का, हे विचारून ठेवा.

कोणत्या सिस्टरने, कोणत्या मावशीने चूक केली हे तुम्हाला माहीत नसतं. ते शोधण्याची गरजही नाही. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज प्रकरणात परिचारिकेच्या चुकीसाठी रुग्णालयाला जबाबदार धरलं गेलं, आणि २००४ च्या सविता गर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की रुग्णालयाला पक्षकार केलं की पुरे, काळजी घेतली होती हे दाखवणं रुग्णालयाचं काम. संस्थेच्या नावाने, ट्रस्ट असेल तर ट्रस्टच्या नावाने आणि चालक किंवा विश्वस्तांमार्फत असं लिहून तक्रार करा.

तक्रारीत विशेषणं टाळा, तारखा घाला. म्हणजे असं: 'दि. ३ मे रोजी दाखल करताना पाठीवर जखम नव्हती, वजन ५२ किलो (अंगपाहणी तक्ता सोबत). दि. ९ जून रोजी माकडहाडावर ६ × ५ सें.मी. खोल जखम, वजन ४६ किलो (वैद्यकीय दाखला सोबत). या ३७ दिवसांत जखमेबद्दल आम्हाला एकदाही कळवले नाही. कूस बदलल्याची एकही नोंद संस्थेने मागणी करूनही दिलेली नाही.' चार वाक्यांत सगळं आलं. खर्चाचा तपशील वेगळा जोडा: भरलेलं शुल्क, नव्या रुग्णालयाचं बिल, ड्रेसिंग, मदतनीसाचा पगार, आणि मानसिक त्रासाची भरपाई स्वतंत्र ओळीत.

पोलीस ठाणं

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तेव्हा जुनी कलमं लिहून नेऊ नका. दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणारं बेदरकार वा निष्काळजी कृत्य कलम १२५ मध्ये येतं. त्यातून दुखापत झाली तर सहा महिने, गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून झालं असेल तर दोन वर्षांपर्यंत. बांधून, कोंडून ठेवलं असेल तर कलम १२७. पेन्शनचे पैसे, अंगठी, बँकेचं कार्ड विश्वासाने सोपवलेलं असताना लाटलं असेल तर कलम ३१६. भुसावळ-वरणगावकडे रेल्वे आणि आयुध निर्माणीतून निवृत्त झालेली पुष्कळ माणसं आहेत. त्यांच्या पासबुकातल्या नोंदी दर महिन्याला बघत चला.

कलम ३५७ फारसं कोणाला ठाऊक नसतं, पण आपल्या विषयाला ते अगदी चपखल बसतं. आजारामुळे किंवा शारीरिक दुबळेपणामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाची सेवा करण्याचा करार केला आणि मुद्दाम ती केली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा लहान आणि गुन्हा अदखलपात्र, म्हणजे ठाण्यात फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतील. तरी तक्रारीत ते लिहा. करारनाम्याचा खरा उपयोग इथेच होतो.

'डॉक्टरांची समिती अहवाल देईल, मगच गुन्हा' असं ठाण्यात सांगितलं जाईल. त्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल आहे, आणि तो डॉक्टरांच्या उपचारांतल्या निष्काळजीपणाबद्दल आहे. पाणी न पाजणं, डायपर न बदलणं, बांधून ठेवणं याला वैद्यकीय निर्णय म्हणत नाहीत. म्हणून एकाच अर्जात डॉक्टरचे उपचार आणि संस्थेची हेळसांड यांची भेसळ करू नका. दोन मुद्दे असतील तर दोन वेगळे परिच्छेद, आणि संस्थेचा मुद्दा आधी.

गुन्हा नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, पोच जपा. मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) चा अर्ज. ही पोच नसेल तर तो अर्ज तिथेच अडकतो.

आणखी काही दुर्लक्षित कायदे

अर्धांगवायू झालेलं, पार्किन्सन्सचं, दीर्घकाळ अपंगत्व आलेलं माणूस असेल तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ बघा. त्याचं कलम ९२ सांगतं की दिव्यांग व्यक्तीचा ताबा असलेल्याने जाणूनबुजून तिला अन्न किंवा पाणी दिलं नाही, तर किमान सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. किमान शिक्षा ठरवून दिलेली ही तरतूद ३५७ पेक्षा कितीतरी भारी आहे. यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आधीच काढलेलं असेल तर वाद उरत नाही. पक्षाघातानंतर घरचे 'आता या वयात कशाला' म्हणून ते काढत नाहीत, ते काढा.

मानसिक आरोग्यसेवा कायद्यात साखळीने बांधायला पूर्ण मनाई आहे. इतर प्रकारे बांधणं फक्त तातडीचा धोका टाळायला, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरतंच; आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने नेमलेल्या माणसाला, २४ तासांत कळवून. मावशीने ओढणीने बांधलेला हात यातल्या एकाही अटीत बसत नाही.

ट्रस्टविरुद्ध धर्मादाय कार्यालयात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अर्ज करता येतो. कलम ४१अ खाली विश्वस्तांना निर्देश देता येतात आणि ४१ड खाली दोषी विश्वस्ताला निलंबित करता किंवा काढता येतं. भरपाई तिथे मिळत नाही, पण विश्वस्त जागे होतात.

ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ चं कलम २४ लोक फक्त मुलांविरुद्धचं समजतात. त्यातले शब्द आहेत 'ज्याच्याकडे काळजी किंवा संरक्षण आहे असा कोणीही'. शुल्क थकलं म्हणून माणसाला सिव्हिलच्या दारात टाकून निघून जाणारी संस्थाही त्यात येऊ शकते. तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. उलट बाजूही सांगतो: ठेवून गेलेली मुलं फोन उचलत नसतील तर वृद्ध व्यक्तीने अधिकार दिल्यास संस्थाच प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात तिच्या वतीने निर्वाहासाठी अर्ज करू शकते.

फौजदारी मुदती लक्षात ठेवा. वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याला, म्हणजे ३५७ आणि कलम २४ ला, एक वर्ष. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेला तीन वर्षं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, फोन १५१००. स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची किंवा दिव्यांग व्यक्ती असेल तर उत्पन्नाची अट नाही. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, ग्राहक हेल्पलाइन १९१५.

माणूस गेला असेल तर

संस्थेचा फोन पहाटे येतो, नातेवाईक जमतात, ऊन चढायच्या आत उरकू असं कोणीतरी म्हणतं. अंगावर जखमा, वळ किंवा अतोनात रोडपणा दिसत असेल तर तिथेच थांबा आणि ११२ ला फोन करा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पोलीस पंचनामा करतात आणि शवविच्छेदनाला पाठवतात. पंचनाम्यात प्रत्येक जखमेची जागा आणि माप लिहिलं आहे का, हे सही करण्याआधी वाचा. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना बेडसोर, पोटातलं अन्न, फुप्फुसं आणि निर्जलीकरणाच्या खुणा बघण्याची लेखी विनंती पोलिसांमार्फत द्या. मृत्यूच्या दाखल्यावर संस्थेच्या डॉक्टरने 'वार्धक्य' किंवा 'हृदयक्रिया बंद' एवढंच लिहिलं असेल तर तो दाखला घ्या, पण त्यावर समाधान मानून पुढची तयारी करू नका. एकदा अग्नी दिला की शरीराची साक्ष कायमची जाते. मग हातात उरतात ते भरतीच्या दिवसाचं पान, वजनाचे व्हॉट्सअ‍ॅप आणि तुमच्या पत्राची पोच.